दिग्रसच्या स्टँडवर काढलेली बाई

तुम्ही काय काम करत होता, असं कुणी विचारलं की मी सांगतो, स्टँडच्या भिंती विकत होतो. ऐकणाऱ्याला थट्टा वाटते, पण धंदा खरोखर तोच होता. दिग्रसच्या मोटार स्टँडवर जाहिराती लावण्याचा वर्षाचा ठेका मी घ्यायचो आणि त्यातले तुकडे चहावाल्यांना, बिडीवाल्यांना, कापड दुकानदारांना आणि औषधवाल्यांना महिन्याच्या बोलीनं द्यायचो. पाट्या रंगवायचोही मीच. वडील बैलगाड्या रंगवायचे, त्यामुळे ब्रश लहानपणापासून हातात होता. विकण्याची अक्कल मात्र स्टँडवर उभं राहूनच आली.

लोकांना वाटतं, जाहिरातीचा भाव पाटीच्या आकारावर ठरतो. आकाराला भाव होता, पण थोडा. खरा भाव होता तो त्या जागेसमोर माणूस किती वेळ रिकामा उभा राहतो याला. आमच्याकडे यवतमाळच्या गाड्या पुष्कळ, गर्दीही पुष्कळ, तरी त्या फलाटासमोरची भिंत स्वस्त जायची. माणूस यायचा तो सरळ गाडीत चढायचा. पुसदकडे गाड्या कमी होत्या. एक चुकली तर दिवस जाईल या धास्तीनं खेड्यापाड्यातली माणसं फार आधी येऊन उभी राहायची आणि समोर पाहायला दुसरं काहीच नसायचं. म्हणून पुसदच्या फलाटासमोरची भिंत सगळ्या स्टँडात महाग होती.

त्यातही खाचाखोचा होत्या. मोटार उभी राहिली की भिंतीचा खालचा भाग झाकला जातो, म्हणून पाटी उभ्या माणसाच्या नजरेच्या जरा वर लावायची. पश्चिमेकडच्या भिंतीवर दुपारनंतर ऊन चमकतं आणि तैलरंग आरशासारखा होतो, म्हणून ती जागा कमी भावात. अक्षरं कमी, चित्र मोठं, कारण वाचणारे दहात दोन-तीन. आणि कितीही सुंदर पाटी असली तरी रोजच्या माणसाला ती थोड्या दिवसांनी दिसेनाशी होते. मग मी जाऊन तिचा एखादा कोपरा नव्या रंगानं उजळायचो. नवं काय झालं ते लोकांना सांगता यायचं नाही, पण माना पुन्हा वर व्हायच्या.

हे सगळं मी लोकांच्या नजरा पाहून शिकलो. कधी गाडीत चढून प्रवाशांना विचारायचो, "समोरच्या भितीवर काय व्हतं हो?" एकदा अर्ध्या गाडीनं सांगितलं, बकरी. पाटीखाली कुणाची तरी बकरी बांधलेली होती. साबणाची भलीमोठी पाटी कुणाच्याच लक्षात नव्हती. साबणवाल्याला मी हे कधी सांगितलं नाही.

गिऱ्हाइकंही तऱ्हेवाईक मिळायची. नेरचे एक ज्योतिषी आले होते. त्यांना नाव मोठं हवं होतं, पण पत्ता लिहायचा नव्हता. ज्याच्या नशिबात असेल तो शोधत येईल, असं त्यांचं म्हणणं. तीन महिन्यांनी तेच मला विचारायला आले, कोणी येत का नाही म्हणून. पुढच्या खेपेला आम्ही पत्ता नावापेक्षा मोठा लिहिला.

पण माझा ठेका चालायचा तो गोविंदलालजींच्या जोरावर. ते यवतमाळचे, एका चहाचे एजंट. पुसदच्या फलाटासमोरची महाग भिंत त्यांची. तिच्यावर मी वाफाळता कप काढलेला होता, एवढा मोठा की त्यात माणूस बसावा. त्यांनी भिंत सोडली तर बाकीच्या सगळ्या तुकड्यांतून मिळून ठेक्याची रक्कम उभी राहिली नसती. त्यामुळे मोसमाच्या शेवटी त्यांचं पत्र येईपर्यंत मला नीट झोप लागत नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन एखाद-दुसरं वर्ष झालं असेल. थंडीचे दिवस, कापसाचा मोसम. दिग्रसचा बाजार होता आणि स्टँडवर पाय ठेवायला जागा नव्हती. मी शिडीवर चढून गोविंदलालजींच्या कपाची कड उजळत होतो. खाली एक बंजारा म्हातारी उभी होती. फेटिया म्हणजे त्यांचा घेरदार घागरा, डोक्यावरून आरशांची ओढणी, गालांच्या दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या चांदीच्या घुगऱ्या. ती माझ्या ब्रशाकडे पाहत होती. इतका वेळ एकटक पाहणारं माणूस मला क्वचित मिळायचं, त्यामुळे मला बरं वाटलं. मी वाफेच्या दोन रेघा जास्तच काढल्या. रंग घ्यायला खाली वाकलो आणि पुन्हा पाहिलं तेव्हा ती नव्हती.

थोड्या वेळानं तिकिटाच्या रांगेतून एक तरुण माणूस धावत आला. हातात तिकिटं होती. "याडी, याडी" करत तो फलाटावरून फिरायला लागला. याडी म्हणजे त्यांच्या गोर बोलीत आई. तो रामधन राठोड. फुलसावंगीजवळच्या तांड्यावरचा. बहिणीकडचं लग्न उरकून तो आणि त्याची आई घरी निघाली होती. रांग मोठी होती म्हणून त्यानं आईला सांगितलं होतं, पुसदची गाडी लिंबाच्या झाडाखाली लागते, तिथंच उभी राहा. आईला वाचता येत नव्हतं, कमी ऐकू येत होतं आणि गोर बोलीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. पण ती या स्टँडवरून आधीही गेली होती आणि लिंबाखालची गाडी आपली, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी गर्दीमुळे गाड्या मिळेल तिथं लागत होत्या. लिंबाखाली एकामागून एक दुसऱ्याच गावांच्या गाड्या उभ्या राहून गेल्या. दारव्हा, आर्णी, यवतमाळ, नेर. त्यातल्या कुठल्या गाडीत ती गर्दीबरोबर ढकलली गेली, हे कुणालाच सांगता येईना. कंडक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, आज प्रत्येक गाडीत अशा आठ-दहा म्हाताऱ्या आहेत, त्यातली तुझी कोणती ते कसं ओळखायचं? तेही खरंच होतं. दिग्रसच्या आजूबाजूला तांडेच तांडे आणि बाजाराचा दिवस.

रामधन दारव्ह्याला जाऊन आला, यवतमाळला जाऊन आला, पोलिसांत वर्दी दिली. परत आला तेव्हा निरोप मिळून त्याची बायको कमळी तांड्यावरून येऊन पोचली होती. दोघं माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, तुमी लिवता नं भितीवर?" रामधन म्हणाला. "माही याडी हरवली, असं लिवून द्या. जे काय असंल ते देईन म्या."

मी म्हणालो, "लिहून देतो. पैशाचं नाव काढू नको. पण वाचणार कोण?"

तिचा फोटो विचारला, तर तो कधी काढलेलाच नव्हता. मी म्हणालो, मी तिला पाहिलंय, तिचं चित्र काढतो. म्हणायला म्हणालो, पण पत्रा समोर ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं की मला ओढणी आठवते, घुगऱ्या आठवतात आणि मधला चेहरा कुठल्याही म्हातारीचा असावा तसा आहे. इतका वेळ ती माझ्यासमोर उभी होती. मी फक्त ती पाहते आहे एवढंच पाहिलं होतं.

चेहरा कमळीनं माझ्याकडून काढून घेतला. ती माझ्या शेजारी बसून सांगत होती. नाक असं बसकं, एक भुवई वर, खालचा ओठ गोंदलेला. मी काढायचो, ती मान हलवायची, मी पुसायचो. शेवटी ती म्हणाली, "हात नाई काढला तुमी."

"कोणता हात?"

"डावा. लहानपनी बैलावरून पडली थे. सरका व्हत नाई." तिनं स्वतःचा हात कोपरात वाकवून छातीशी धरून दाखवला.

मग मी हात काढला. आखडलेला, छातीशी धरलेला, त्यावर पांढऱ्या बांगड्या. तो हात काढल्याबरोबर रामधननं तोंड फिरवलं. मी समजलो, चित्र जमलं.

आता लावायचं कुठं? सगळ्या स्टँडात सगळ्यात जास्त पाहिली जाणारी जागा कोणती, हे माझ्याइतकं कोणाला माहीत होतं? मी पत्रा उचलला आणि गोविंदलालजींच्या कपावर ठोकला. वर लाल अक्षरांत लिहिलं, 'ही आई हरवली आहे', खाली स्टँडवरच्या माझ्या खोलीचा पत्ता. ठोकताना हात हलका चालत नव्हता. यवतमाळला ही खबर जायला वेळ लागणार नव्हता.

पहिल्याच दिवशी लोक जमले. माना वर झाल्या, बोटं उठली. मी गर्दीत शिरून ऐकायला लागलो. एक जण दुसऱ्याला विचारत होता, "हे कायचं तेल हाय बाप्पा?"

"तेल नोहे. बांगड्याईचं दुकान असंल."

"नाटक येऊन राह्यलं का गावात?"

त्या भिंतीवरची चित्रं काहीतरी विकतात, हे मीच इतकी वर्षं त्यांना शिकवलं होतं. आता तिथं आई लावली तरी लोक तिच्या खाली किंमत शोधत होते. ज्यांना वाचता येत होतं ते वाचून चुकचुकायचे आणि गाडीत चढायचे. मी दिवसभर पाटीखाली उभा राहून ओरडून सांगू लागलो, ही जाहिरात नाही, ही बाई हरवली आहे. घसा बसला. संध्याकाळपर्यंत लोक माझ्याकडेच पाहायला लागले.

रात्री थंडी पडायची तेव्हा घरी पांघरूण घेताना मला ती म्हातारी आठवायची. तिच्या अंगावर ओढणीशिवाय काही नव्हतं. बायको म्हणायची, पोलीस शोधतील, तुम्ही झोपा. मी डोळे मिटून पडायचो.

असे आठ-दहा दिवस गेल्यावर सकाळी पोलीस जमादार माझ्या खोलीवर आला. आर्णीच्या रस्त्यावरच्या एका शेतातल्या विहिरीत बाईचं प्रेत निघालं होतं. म्हातारी, बंजारा. ओळख पटवायला मुलगा पाहिजे. रामधन माझ्याच खोलीच्या ओट्यावर बसलेला होता. त्यानं ऐकलं, उठला, पायात वहाणा घालायचं विसरून चालायला लागला. मी त्याच्याबरोबर गेलो. कमळीला आम्ही सांगितलं नव्हतं.

विहिरीच्या काठावर तिला कापडाखाली ठेवलं होतं. जमादारानं कापड बाजूला केलं. चेहऱ्यावरून काही समजण्यासारखं राहिलं नव्हतं. फेटिया तसाच, बांगड्या तशाच. रामधन दोन पावलं मागेच उभा राहिला. मग मीच वाकून डावा हात पाहिला. तो सरळ होता.

"नाही ही," मी म्हणालो. "रामधन, ही तुझी आई नाही."

तो पुढे आला, त्यानं स्वतः तो हात पाहिला. मग खाली बसला. त्या अनोळखी बाईची ओढणी त्यानं तिच्या तोंडावर नीट ओढली आणि तिथंच बसून रडला. ती कोण होती ते मला पुढेही समजलं नाही.

आम्ही परत आलो तर स्टँडवर गोविंदलालजी उभे होते. पांढरं धोतर, काळा कोट, हातात छत्री. ते पत्र्याकडे पाहत होते.

"बाई अच्छी निकाली है," ते म्हणाले. "पण माझा चहा कुठं गेला?"

मी सगळं सांगितलं. विहिरीवरून येतो आहे, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता.

"मी समजतो," ते म्हणाले. "पण कंपनीचा इन्स्पेक्टर आज पुसदहून परत येणार. त्याला भिंत दाखवायची आहे. त्याला काय म्हणू? तुम्ही दुसरीकडे लावा. संध्याकाळपर्यंत कप दिसला पाहिजे. नाही दिसला तर पुढच्या वर्षी ही भिंत माझ्याच्यानं घेतली जाणार नाही."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला भांडता आलं असतं. मी शिडी लावली आणि रामधनच्या देखत त्याच्या आईचा पत्रा खाली काढला. खिळे काढताना एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं नाही. पत्रा हातात धरून मी स्टँडभर फिरलो. प्रत्येक जागा कोणाची तरी होती. बिडीवाल्याची, सराफाची, दंतमंजनवाल्याची. आणि ज्या भिंतीवर लोक मान वर करून पाहतात तिथंच ती दिसली नाही, तर स्वस्त भिंतीवर कोणाला दिसणार?

कमळी पाण्याच्या टाकीपाशी जमिनीवर बसली होती. आल्यापासून ती दिवसभर तिथंच बसायची. बायका तिथंच बसत. सावली असायची, लेकरांना पाणी मिळायचं आणि पुरुषांच्या गर्दीपासून जरा बाजूला. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

"काढावी लागली पाटी," मी म्हणालो. "तुझ्या सासूची एवढी चांगली जागा गेली."

"कोन्ती जागा?" ती म्हणाली.

"ती काय, समोरची."

तिनं तिकडे पाहिलं. मध्ये पुसदची मोटार उभी होती. "अठून नाई दिसत थे," ती म्हणाली. "गाडी नसली तं मान्सं उभी ऱ्हायतात. म्या तं इतके दिवस अठीच बसून हावो, मले एक डाव नाई दिसली."

मी खाली तिच्याजवळ बसलो. खरंच, तिथून माणसांच्या कमरा दिसत होत्या, धोतरं दिसत होती, गाडीची चाकं दिसत होती. माझी एकही पाटी दिसत नव्हती. इतक्या वर्षांत मी त्या टाकीपाशी कधी बसलोच नव्हतो. तिथल्या भिंतीला माझ्याकडे भाव नव्हता, कारण तिथं बसणाऱ्यांच्या कनवटीला पैसा नसतो असा आम्हा सगळ्यांचा हिशेब.

मी पत्रा टाकीच्या भिंतीला जमिनीवरच टेकवून ठेवला. ठोकलासुद्धा नाही. म्हातारी आता बसलेल्या बायकांच्या ओळीत बसल्यासारखी दिसायला लागली. वरची अक्षरं मी ओल्या मातीनं लिंपून टाकली. त्यांचा तिथं उपयोग नव्हता.

इथं कोणी तेलाचं नाव काढलं नाही. बायका यायच्या, बसायच्या, शेजारी पाहायच्या आणि कमळीला विचारायच्या, "हे कोन व?" कमळी सांगायची. मग ती बाई पुढच्या गाडीनं आपल्या गावी जायची आणि तिची जागा दुसरी घ्यायची. कोणी म्हणालं, आमच्या मोहल्ल्यात विचारते. कोणी चित्रातल्या हाताला हात लावून पाहिला. एक जण पोरीला दाखवून म्हणाली, हरवली बिचारी, तू हात सोडू नको माहा. मी लांबून पाहत होतो आणि जवळ जायला धजत नव्हतो. इतक्या नजरा त्या पत्र्यावर पडत होत्या, तरी प्रत्येक बाई उठून गेली की मला वाटायचं, ही पण गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कमळीनं मला हाक मारली. तिचा आवाज ऐकूनच मी ब्रश ठेवला. टाकीपाशी एक पन्नाशीची बाई बसली होती. पांढरी स्वच्छ साडी, मांडीवर गाठोडं. ती पत्र्याकडे वाकून पाहत होती.

"ही तं आमची बुढी हाय," ती म्हणाली.

"तुमची म्हणजे?" मी विचारलं.

"आमच्या घरी हाय थे. नेरच्या बाजारातून आमच्या गाडीमागं चालत आली. दिवस बुडून राह्यलता. कोनाची कोन, बोलनं समजे ना. थंडीत कुठं सोडू म्हनलं? घरी आनली."

रामधन धावत आला होता. त्याला विश्वास ठेवायची भीती वाटत होती. "हात?" एवढंच त्यानं विचारलं.

बाईनं डावा हात कोपरात वाकवून छातीशी धरला.

तिचं नाव गयाबाई. नेरजवळच्या एका खेड्यातली. पुसदकडे लेकीच्या घरी जाऊन ती गावाला परत चालली होती. मी विचारलं, इतके दिवस कोणाला सांगितलं कसं नाही? ती म्हणाली, "सांगतलं नं. थे 'सावंगी सावंगी' म्हने. आमच्या इकडं सावंग्या काय कमी हायेत? मालकानं गाडी जुपून दोन सावंग्याईले नेली तिले. कोनी वळखे ना. फुलसावंगी अशी इतक्या दूर असंल, हे कोनाले माहीत?"

आम्ही तिघं तिच्याबरोबर निघालो. दारव्ह्याला गाडी बदलायची होती. तिथं गयाबाईला तिच्या ओळखीचं कोणी भेटलं आणि दोघांनी एकमेकांना 'जय भीम' केलं. रामधननं ते ऐकलं. गाडीत बसल्यावर तो हलक्या आवाजात मला म्हणाला, "भाऊ, यायनं दीक्षा घेतलेली दिसते."

"हो," मी म्हणालो.

त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला समजत होतं. त्या काळी तांड्यावरची म्हातारी माणसं शिवाशिव कडक पाळत. आई त्या घरात काही खात असेल का, की उपाशी राहून राहून तिचं काही झालं असेल? गयाबाई लेकीकडे गेल्यालाही तीन-चार दिवस झाले होते. नेर येईपर्यंत आम्ही तिघंही धसक्यात होतो.

नेरच्या स्टँडवरून तिच्या खेड्यापर्यंत पायी गेलो. गावाच्या कडेला शेणानं सारवलेलं अंगण, तुरीच्या काड्यांचं कुंपण. अंगणात म्हातारी बसली होती. गयाबाईच्या सुनेबरोबर ती कापसातला पालापाचोळा वेचत होती. डावा हात छातीशी, उजवा झरझर चाललेला. रामधन कुंपणापाशीच थांबला. तिनं मान वर केली, त्याला पाहिलं आणि गोर बोलीत काहीतरी जोरानं म्हणाली.

मी कमळीला विचारलं, काय म्हणते?

"इचारते, तिकिटं काढाले इतका वेळ लागते का."

रामधन आईच्या पायांशी जाऊन बसला. मग ती त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला लागली आणि तिच्या घुगऱ्या हलायला लागल्या. तेव्हा दिसलं, ती रडत होती.

गयाबाईनं आत जाऊन पाणी आणलं. अंगणाच्या एका कोपऱ्यात तीन दगड मांडलेले होते, मध्ये राख. रामधनची नजर तिकडे गेली. गयाबाई म्हणाली, "थे तिची चूल. पहिले काई दिवस आमच्या हातचं नाई खाल्लं तिनं. पीठ दिलं तं सोताच भाकर करे. म्हनलं, करू द्या. आमाले सवय हाय."

तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं.

"मंग ताप आला तिले," गयाबाई सांगू लागली. "उठता येये ना. माह्या सुनेनं मांडीवर घेऊन पेज पाजली. तवापासून आमच्यातच जेवते. काल-परवा काय करे, मले माहीत नाई, म्या तं पोरीकडं गेलती." तिनं सुनेकडे पाहिलं.

सून हसली. "आता तं माह्या हातची भाजी अळनी लागते म्हनून मीठ टाकते थे."

रामधननं गयाबाईच्या हातातला तांब्या घेतला आणि घटाघटा पाणी प्यायला. कमळीनंही घेतला. मग मी घेतला. आजच्या वाचकांना यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण त्या पाण्यापायी तांड्यावर गेल्यावर रामधनला काय काय ऐकावं लागणार होतं ते त्यालाच माहीत. रात्री आम्ही सगळे तिथंच जेवलो आणि तिथंच झोपलो. सकाळी निघताना म्हातारीनं आपल्या हातातली एक बांगडी काढून गयाबाईच्या सुनेच्या हातात घातली. गयाबाई नको नको म्हणत होती. म्हातारीला ऐकू येत नव्हतं, किंवा ऐकायचं नव्हतं.

दिग्रसला उतरलो तेव्हा स्टँडवर बातमी पसरली होती. टाकीपाशी बायकांनी म्हातारीला घेरलं. कोणी तिचा हात धरून पाहिला, कोणी चित्राकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं पाहिलं. ती घाबरून कमळीला चिकटली. मग तिचं लक्ष पत्र्याकडे गेलं. ती खाली बसली आणि बराच वेळ त्या बाईकडे पाहत राहिली. आयुष्यात इतक्या पाट्या रंगवल्या, पण कोणत्याही गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे मी असा पाहत उभा राहिलो नसेन. तिनं कमळीच्या कानात काही सांगितलं. इतक्या दिवसांत कमळी पहिल्यांदा हसली.

"काय म्हणाली?"

कमळी सांगेना. रामधननं सांगितलं, "म्हनते, इतकी म्हातारी काहून काढली मले?"

गोविंदलालजींनी पुढच्या वर्षी भिंत ठेवली. नंतर एक दिवस त्यांनीच मला विचारलं की टाकीपाशी खाली एक लहान कप काढायला काय घ्याल. त्या भिंतीलाही मग भाव आला. बांगड्यावाले आले, बाळघुटीवाले आले आणि दोन वर्षांत ती भिंत गच्च भरून गेली. मला त्याचे पैसे मिळाले, ते मी घेतले. कधी वाटतं, बायकांना निवांत बसायची एवढी एक जागा होती, तिथंही आपण काहीतरी विकायला नेऊन ठेवलं.

त्या दिवशी मात्र असलं काही मनात नव्हतं. पुसदची गाडी लागली. तिघं चढली. गाडीवरची पाटी पुसदचीच होती, अक्षरं माझ्याच हातची. तरी मी कंडक्टरला विचारलं, "पुसदचीच ना?" तो हो म्हणाला. मी ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन पुन्हा विचारलं. गाडी सुरू झाली तेव्हा खिडकीत म्हातारीची ओढणी दिसली आणि मला एकदम राहवेना. मी दार धरलं आणि चढलो. घरी सांगितलेलं नव्हतं, अंगावर रंगाचे कपडे होते. त्यांच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. कमळीनं वळून पाहिलं. पुसद येईपर्यंत मी त्या ओढणीवरची नजर काढली नाही.